शेळी गरिबाची, चारा कोणाचा?

जुलै २०२५ मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळाने पशुपालनाला शेतीसमान दर्जा देण्याचा निर्णय घेतला. ठराविक मर्यादेपर्यंतच्या कुक्कुटपालनाला, दुधाच्या गोठ्याला, वराहपालनाला आणि पाचशेपर्यंतच्या शेळ्यामेंढ्यांच्या गोठ्याला शेतीच्या दराने वीज, ग्रामपंचायतीच्या करात शेतीसारखी वागणूक आणि कर्जाच्या व्याजात सवलत, असे त्याचे स्वरूप आहे. वर्तमानपत्रांनी निर्णयाचे स्वागत केले. अग्रलेख आले, अभिनंदनाचे फलक लागले. आमच्या वस्तीत मात्र त्याची कोणी चर्चा केली नाही, आणि त्यात वस्तीचे काही चुकले नाही. ज्या बाईच्या दारात चार शेळ्या बांधलेल्या आहेत तिच्या शेळ्यांना विजेचे मीटर नाही. गोठा नाही म्हणून गोठ्यावर कर नाही. बँकेने कर्ज दिलेच नाही, तर व्याजात सवलत कशावर मिळणार? शेतीचा दर्जा मिळून ज्याचा फायदा होतो त्याच्याकडे आधी शेती, शेड आणि बँकेचे खाते चालवणारा मुनीम असावा लागतो.

हा लेख त्या निर्णयाला विरोध करण्यासाठी नाही. त्या निर्णयात ज्याचा उल्लेखच नाही, त्या गोष्टीसाठी आहे. ती गोष्ट म्हणजे शेळीच्या तोंडात जाणारा घास.

शेळीला गरिबाची गाय म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे. म्हणणारे बहुधा गरीब नसतात. पण गाय आणि गरिबाची गाय यांच्यात सरकारदरबारी किती अंतर आहे ते पाहा. ३० सप्टेंबर २०२४ रोजी राज्य सरकारने देशी गाईला राज्यमाता-गोमाता घोषित केले आणि गोशाळेतल्या प्रत्येक देशी गाईच्या पोषणासाठी रोज ५० रुपये अनुदान देण्याचा निर्णय केला. आता पशुसंवर्धन खात्याच्या दहा शेळ्या आणि एक बोकड या गट वाटपाच्या योजनेचा खर्चाचा तक्ता काढा. उस्मानाबादी किंवा संगमनेरी जातीच्या दहा शेळ्या, प्रत्येकी ८,००० रुपये. बोकड १०,००० रुपये. विमा १३,५४५ रुपये. एकूण १,०३,५४५ रुपये. अनुसूचित जाती-जमातीला ७५ टक्के अनुदान, इतरांना ५० टक्के. त्याच तक्त्यात खाद्य आणि चाऱ्याच्या खर्चाची एक ओळ आहे. तिच्यापुढे आकडा नाही. लाभार्थ्याने तो स्वतः करणे अपेक्षित आहे, असे तिथे लिहिले आहे.

गाईला माता म्हटले म्हणून तिला चारा मिळाला. शेळी विकून जगणाऱ्या माणसाला लाभार्थी म्हटले, तर त्याला अपेक्षा मिळाली.

दहा शेळ्या दारात आणून बांधल्या आणि चाऱ्याचे नाव काढले नाही, तर काय होते हे खेड्यातल्या माणसाला सांगावे लागत नाही. तीस किलो वजनाच्या शेळीला रोज एक किलोच्या वर कोरडा अंश पोटात जावा लागतो. हिरवा पाला, वाळला चारा आणि मूठ-दोन मूठ भरडा मिळून तो भरतो. दहा शेळ्या म्हणजे दिवसाला दहा-बारा किलो कोरडा अंश. भूमिहीन माणूस तो आणणार कुठून? पूर्वी उत्तर सोपे होते. शेळी चरायला जात होती. गायरान होते, ओढ्याकाठच्या बाभळी होत्या, बांध होते, पीक निघालेले रान होते. आज गायरानावर घरकुले आहेत, गावठाणाचा विस्तार आहे, धनदांडग्यांची शेते आहेत, आता सौरऊर्जेचे प्रकल्पही येत आहेत. आणि या सगळ्यात अतिक्रमण म्हणून नोटीस आधी कोणाला जाते, हे सांगायला नको.

चराई बंद होण्याला आणखी एक सोज्वळ कारण घडले. राळेगणसिद्धीच्या धर्तीवर राज्यात १९९० च्या दशकात आदर्श गावाची मोहीम सुरू झाली. त्याच्या सूत्रांमध्ये नशाबंदी, नसबंदी, कुऱ्हाडबंदी, श्रमदान यांच्या जोडीला चराईबंदी होती. डोंगर हिरवे झाले, विहिरींना पाणी आले, हे खरे आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. पण पाणी आले ते ज्याच्या शेतात विहीर आहे त्याच्याकडे, आणि बंद झाले ते ज्याच्याकडे शेत नाही त्याच्या शेळीचे तोंड. पाणलोटाच्या कौतुकाचे शेकडो लेख निघाले. चराईबंदीनंतर कोणी किती शेळ्या विकल्या, याचा हिशेब मांडणारे लेख शोधावे लागतात.

शेळी चरायला जाते तेव्हा फक्त पोट भरत नाही. ती निवडून खाते. बाभळीच्या शेंगा, बोरीचा पाला, हिवर, उंबर, पिंपळ, शेवरी, सुबाभूळ असा दहा झाडांचा पाला दिवसभरात तिच्या तोंडात जातो. झाडांची मुळे खोल असतात, पाल्यात चुना म्हणजे कॅल्शियम चांगले असते, बाकीची खनिजेही येतात. हीच शेळी दावणीला बांधली आणि तिच्यापुढे एकाच जातीचे वाळले वैरण टाकले की पोट भरते, पण खनिजे मिळत नाहीत. मग ती माती चाटते, भिंती चाटते, चिंध्या आणि प्लॅस्टिक चघळते. लोक म्हणतात शेळीला वाईट खोड लागली. ती खोड नाही. बहुतेक वेळा स्फुरद आणि इतर क्षारांची कमतरता तिच्या तोंडून बोलत असते. जस्त कमी पडले की कातडी खरबरीत होते, केस झडतात. तांबे आणि कोबाल्ट कमी पडले की रक्त कमी होते, अंग धरत नाही. आयोडीन कमी पडले की करडे मेलेली जन्मतात किंवा गळ्याला गाठ घेऊन येतात. शेळी वेळेवर माजावर येत नाही, आलीच तर उलटते.

याचा पैशाशी काय संबंध? पूर्ण संबंध आहे. उस्मानाबादी शेळी जुळी देण्यासाठी नावाजलेली आहे. नीट पोसली तर दोन वर्षांत तीन वेते मिळू शकतात. उपाशी ठेवली तर वर्षाला एक वेत, त्यात एक करडू, आणि तेही पावसाळ्यात दगावले तर वर्ष फुकट. जात तीच, बाई तीच, मेहनत तीच. फरक फक्त घासाचा. योजनेतून मिळालेल्या शेळ्या दोन वर्षांत संपल्या की अधिकारी म्हणतात, या लोकांना जनावरे सांभाळता येत नाहीत, विकून खाल्ली. तक्त्यातल्या त्या रिकाम्या ओळीकडे कोणी बोट दाखवत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. चराई गेली, गायरान परत मिळवायचे ते मिळवू, पण तोपर्यंत शेळी जगवायची कशावर? पिकाच्या उरलेल्या अवशेषांवर. आणि हे अवशेष आपल्याकडे कमी नाहीत. ऑक्टोबरमध्ये सोयाबीनचे कुटार निघते, जानेवारी-फेब्रुवारीत तुरीचे, त्यामागून हरभऱ्याचे. कोणी त्याला भुसकट म्हणतात, कोणी गुळी. उसाच्या पट्ट्यात वाढे आहे. जळगावकडे केळीचे खांब आहेत. भाजीबाजारात कोबी-फुलकोबीचा पाला आणि वाटाण्याच्या टरफलांचे ढीग संध्याकाळी कचऱ्यात जातात. यातले तुरीचे आणि हरभऱ्याचे कुटार शेळी आवडीने खाते. गव्हाचे काड आणि भाताचे तणस तिला आवडत नाही, आणि त्यात प्रथिने तीन-चार टक्क्यांच्या वर नसतात.

पावसाळ्या-हिवाळ्यात जो ओला चारा, पाला, वाढे मिळते ते फेब्रुवारीनंतर राहत नाही. ते टिकवण्याचा मार्ग म्हणजे आंबवणे, ज्याला मुरघास म्हणतात. यात जादू नाही. आपल्या घरात लोणचे मुरते तसाच हा प्रकार. ओला चारा बारीक कापून, दाबून, हवा काढून बंद केला की त्यातली साखर खाऊन काही जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करतात. आम्ल वाढले की सडवणारे जिवाणू आणि बुरशी थांबते. चारा महिनोन्‌महिने टिकतो. यशाच्या अटी तीनच आहेत: ओल बेताची, दाब भरपूर, हवा शून्य.

ओल म्हणजे शंभर किलोत पासष्ट-सत्तर किलो पाणी. कापलेला चारा मुठीत घट्ट दाबावा. गोळा झाला आणि मूठ उघडल्यावर हळूहळू सुटला तर बरोबर. बोटांतून पाणी गळाले तर जास्त ओला, गोळाच झाला नाही तर कोरडा. कोबीचा पाला नुसता आंबवला तर सडतो, कारण त्यात नव्वद टक्के पाणी. कुटार नुसते भरले तर आंबतच नाही, कारण ते कोरडे. पण तीन भाग ओला पाला आणि एक भाग कुटार एकत्र केले की ओल आपोआप सत्तर टक्क्यांवर येते, आणि पाल्यातला रस वाया न जाता कुटारात मुरतो. शंभर किलोमागे किलो-दोन किलो गूळ पाण्यात विरघळवून शिंपडला आणि अर्धा-एक किलो मीठ टाकले की आंबण्याला वेग येतो. भरून, पायाने दाबून, तोंड बांधून पंचेचाळीस दिवस हात लावायचा नाही. उघडल्यावर आंबूस-गोड वास आणि पिवळसर हिरवा रंग पाहिजे. काळा पडलेला, बुरशी आलेला, कुजका वास येणारा भाग फेकून द्यावा. इथे जीव अडकू देऊ नये. सडक्या मुरघासातून शेळ्यांना मेंदूचा आजार होतो, मान वाकडी करून जनावर एकाच दिशेने गोल फिरत राहते आणि मरते. गाभण शेळ्या गाभडतात. औषधफवारणी झालेल्या पिकाचा पालाही यात घालू नये. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करणाऱ्या मजुरांचे काय झाले ते आपण विसरलेलो नाही. जे विष माणसाला मारते ते शेळीला सोडत नाही.

हे सगळे तंत्र पुस्तिकांत छापलेले आहे, कृषी विज्ञान केंद्रांत शिकवले जाते. मग ते वस्तीत का पोचत नाही? कारण ते ज्या मापात शिकवले जाते ते माप आपले नाही. पुस्तिकेतला खड्डा दहा-वीस टनांचा असतो. बाजारातली पिशवी पाचशे किलोची किंवा टनाची असते. आता हिशेब करा. दहा शेळ्यांना रोज एकेक किलो मुरघास दिला तर दिवसाला दहा किलो लागतो. पाचशे किलोची पिशवी उघडली तर ती पन्नास दिवस पुरणार. पण मुरघास एकदा उघडला की हवा लागते आणि पुढच्या काही दिवसांत तो गरम होऊन खराब व्हायला लागतो. म्हणजे मोठ्या पिशवीतला बराचसा चारा लहान शेळीवालीच्या घरी सडणार, आणि ती म्हणणार, हे आपले काम नव्हे. दोष तिचा नाही, मापाचा आहे. पन्नास किलोची जाड प्लॅस्टिकची पिशवी घेतली तर दहा शेळ्यांत ती पाच दिवसांत संपते. चार शेळ्या असतील तर दोन-तीन घरांनी मिळून एक पिशवी उघडावी. दोनशे लिटरचे झाकणाचे पिंप असेल तर त्यात दाबून सव्वाशे किलोच्या आसपास बसते, तेही गटाने वापरण्याच्या कामाचे. फेब्रुवारी ते मे हे चार महिने काढायला दहा शेळ्यांना बाराशे किलो, म्हणजे चोवीस पिशव्या पुरतील. कुटार आणि भरडा यांच्या जोडीला एवढा मुरघास असेल तर उन्हाळ्यात शेळी विकावी लागत नाही. उन्हाळ्यात अडचणीत विकलेली शेळी आणि बकरी ईदच्या आधी विकलेला बोकड यांच्या भावातले अंतर, हेच गरिबाचे नुकसान आहे.

उसाच्या वाढ्याबद्दल स्वतंत्र बोलले पाहिजे, कारण ऊसतोडीला जाणाऱ्यांत आपला समाज मोठा आहे. फडात वाढे फुकट मिळते, मोळ्या बांधून विकलेही जाते. त्यात साखर असते, म्हणून ते चांगले आंबते. पण वाढ्यात ऑक्झॅलेट नावाचे द्रव्य असते. ते कॅल्शियमला धरून ठेवते आणि जनावराच्या अंगी लागू देत नाही. महिनोन्‌महिने नुसत्या वाढ्यावर ठेवलेले जनावर आतून पोकळ होत जाते. दुभती शेळी विल्यानंतर बसते ती उठत नाही. म्हणून वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपडावी, आणि क्षारमिश्रण चुकवू नये. वाढ्याबरोबर निम्मे तुरीचे कुटार मिळाले तर अधिक बरे.

युरियाच्या प्रक्रियेचा सल्लाही सर्रास दिला जातो. शंभर किलो काडाला दोन ते चार किलो युरिया पाण्यातून शिंपडून एकवीस दिवस झाकून ठेवले की निकृष्ट काडातली प्रथिने वाढतात. बैलांसाठी, मोठ्या जनावरांसाठी ते ठीक. शेळीसाठी मी तरी त्याची भलामण करणार नाही. माप चुकले, युरिया एका जागी साचला, की तासाभरात जनावर फुगून मरते. सहा महिन्यांच्या आतल्या करडांना तर ते देऊच नये. शिवाय तुरीचे आणि हरभऱ्याचे कुटार मिळत असताना शेळीला युरिया लावलेले काड खाऊ घालण्याची गरजच काय?

आता क्षार. मोठ्या शेळीला रोज पाच ते दहा ग्रॅम क्षारमिश्रण पुरते, करडाला तीन ते पाच ग्रॅम. दहा शेळ्यांना रोज शंभर ग्रॅम, वर्षाला साडेछत्तीस किलो. शंभर रुपये किलो धरला तरी वर्षाचा खर्च ३,६५० रुपये. गोशाळेतल्या एका गाईचे वर्षाचे अनुदान होते १८,२५० रुपये. म्हणजे एका गाईच्या अनुदानात दहा शेळ्यांच्या पाच गटांचे वर्षभराचे क्षार भागतात. गाईचे काढून शेळीला द्या असे कोणी म्हणत नाही. पण सरकारजवळ पैसा नाही, हे मात्र यापुढे कोणी सांगू नये.

क्षारमिश्रण म्हणजे मीठ नव्हे, हेही समजावून सांगावे लागते. खड्याचे मीठ लागतेच, पण त्यात कॅल्शियम, स्फुरद, जस्त, तांबे नाही. बाजारातल्या पुड्या पाहून घ्याव्यात. क्षारमिश्रणाला भारतीय मानक आहे, क्रमांक १६६४. ते गुरांच्या खाद्यासाठी ठरवलेले आहे. पाकिटावर त्या मानकाची खूण आणि घटकांचे प्रमाण नसेल तर ती पांढरी भुकटी काय आहे ते देव जाणे, असे आपल्यात म्हणत नाहीत, पण दुकानदारही जाणत नसतो. बंगळुरूच्या राष्ट्रीय पशुपोषण व शरीरक्रियाशास्त्र संस्थेने त्या त्या भागातल्या माती आणि चाऱ्यात काय कमी आहे ते तपासून प्रदेशनिहाय क्षारमिश्रणाचे तंत्र विकसित केले. ही दिशा योग्य आहे. मराठवाड्याच्या काळ्या जमिनीतली कमतरता आणि कोकणच्या जांभ्या जमिनीतली कमतरता एक नसते. पण तालुक्याच्या दवाखान्यात जाऊन आपल्या भागाचे क्षारमिश्रण मागा. बहुतेक ठिकाणी जे कंपनीचा माणूस ठेवून गेला तेच मिळते.

ईदसाठी खच्ची बोकड तयार करणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. लवकर वजन यावे म्हणून मका, गहू, कोंडा भरपूर घातला जातो. त्यात स्फुरद जास्त आणि कॅल्शियम कमी. या असमतोलातून मूतखडा होतो, बोकडाची लघवी अडते आणि ऐन बाजाराच्या आधी तयार बोकड हातचा जातो. कॅल्शियम स्फुरदाच्या दुप्पट राहील असे खाद्य असावे, प्यायला पाणी भरपूर असावे. लग्नातला उरलेला भात आणि पोळ्या शेळीपुढे ओतण्याची चूकही अशीच महागात पडते. पोटात आम्ल होऊन शेळी एका रात्रीत मरते. कोणताही नवा चारा, मुरघास धरून, आठ-दहा दिवसांत थोडा थोडा वाढवत न्यावा.

तंत्र झाले. आता राजकारण, कारण कुटारालाही राजकारण आहे.

सोयाबीनची मळणी आपल्या बाया करतात. यंत्राच्या तोंडाशी धुळीत उभ्या राहून सुडी लोटतात. पूर्वी मजुरीबरोबर दोन पोती कुटार घेऊन जा म्हटले जायचे. ते देणे होते, हक्क नव्हता. देणारा खूष असला तर मिळायचे. त्या कुटाराच्या बदल्यात वाड्यावर फुकट राबणे, निवडणुकीत सांगेल तिथे मत टाकणे, गावात मान खाली घालून चालणे, हे सगळे न लिहिता ठरलेले असायचे. बाबासाहेबांनी महार वतनाविरुद्ध लढा दिला तो याच देण्याघेण्याविरुद्ध. १९२७ मध्ये महाडला त्यांनी मेलेली ढोरे ओढणे आणि उष्टे खाणे सोडा म्हणून सांगितले. बलुत्याची भाकर गेली, ते चांगलेच झाले. कुटाराचे बलुते मात्र अनेक गावांत अजून चालू आहे. आणि गावात वाद झाला, जयंतीची मिरवणूक अडवली गेली, बहिष्कार पडला, की सर्वांत आधी बंद होते ती चराईची वाट, दुसरा पाणवठा आणि तिसरे हे कुटार. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ ची दुरुस्ती झाली, ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. सामायिक साधनसंपत्तीचा, पाणवठ्याचा, रस्त्याचा इतरांच्या बरोबरीने वापर करू न देणे हा त्या दुरुस्तीनंतर स्पष्ट शब्दांत गुन्हा आहे. फिर्याद लिहून देताना कार्यकर्ते शिवीगाळ आणि मारहाण लिहितात, वाट आणि पाणवठा लिहायचा राहून जातो.

अलीकडे कुटाराला नवा गिऱ्हाईक आला आहे. केंद्र सरकारच्या ऊर्जा मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये औष्णिक वीज केंद्रांना कोळशाबरोबर पाच टक्के जैवइंधनाच्या कांड्या जाळण्याचे बंधन घातले, पुढे ते सात टक्क्यांपर्यंत नेण्याचे ठरले. उत्तरेत भाताचे काड शेतात जाळले जाते आणि दिल्लीचा धूर वाढतो म्हणून हे धोरण. पण त्याच्या पिकांच्या यादीत भाताच्या जोडीला सोयाबीन, तूर, कापूस, हरभरा हेही अतिरिक्त अवशेष म्हणून आले. अतिरिक्त कोणाच्या दृष्टीने? तुरीचे कुटार महाराष्ट्रात कोणी जाळत नव्हते, ते शेळ्या खात होत्या. आता कांड्या बनवणारा कारखाना ट्रक घेऊन शेतात उभा राहतो, रोख पैसे देतो. शेतकऱ्याने त्याला विकले तर त्याचा दोष नाही. पण भाव वाढला की भूमिहीनाला कुटार परवडत नाही. त्यात हार्वेस्टरने कापणी झाली तर कुटार शेतातच पसरून जाते, गोळा करण्यासारखे उरत नाही.

आणि अनुदानाचा ओघ कोणीकडे आहे? राष्ट्रीय पशुधन अभियानाची २०२१-२२ मध्ये फेररचना झाली. शेळीपालनाला पन्नास टक्के भांडवली अनुदान, छान वाटते. पण सर्वांत लहान गट शंभर शेळ्या आणि पाच बोकडांचा, अनुदान दहा लाखांपर्यंत. सर्वांत मोठा पाचशे शेळ्या आणि पंचवीस बोकडांचा, अनुदान पन्नास लाखांपर्यंत. मुरघास तयार करण्याच्या उद्योगालाही पन्नास लाखांपर्यंत अनुदान आहे. जागा दाखवा, बँकेची मंजुरी आणा, उरलेले निम्मे उभे करा. २०१९ च्या पशुगणनेत राज्यात एक कोटीहून अधिक शेळ्या मोजल्या गेल्या. त्या दोन-चार-दहाच्या संख्येने लाखो दारांत बांधलेल्या आहेत. योजना मात्र पाचशेंच्या गोठ्यासाठी. अभियानाचे पैसे उद्योजकाला, गरिबाची गाय हे नाव गरिबाला.

अनुसूचित जातीच्या विकासासाठी राखलेल्या निधीचे काय? मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी रुपये लाडकी बहीण योजनेकडे वळवले गेले, तेव्हा खुद्द त्या खात्याच्या मंत्र्यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. निधी वळवताना जी तत्परता दिसते ती दहा शेळ्यांच्या तक्त्यातली एक ओळ भरताना दिसत नाही. दहा शेळ्यांच्या गटाला पहिल्या वर्षाचे क्षारमिश्रण, चोवीस पिशव्या, आणि पाच-सात घरांत मिळून एक कडबाकुट्टी यंत्र, एवढे गटाच्या किमतीतच धरले पाहिजे. यासाठी नवे महामंडळ नको, नवी समिती नको. उमेद अभियानातल्या पशुसखी गावोगाव आहेत, त्यांतल्या अनेक आपल्याच वस्तीतल्या आहेत. लस टोचण्याची आठवण देण्यापलीकडे त्यांना काम आणि कामाचा दाम द्या. मुरघासाच्या लहान पिशव्या भरून देण्याचा धंदा बचतगट करू शकतात. साखर कारखान्याच्या फडाजवळ, भाजीच्या बाजार समितीजवळ तो चालेल. कच्चा माल तिथे कचरा म्हणून पडलेला असतो.

चळवळीतले काही सुशिक्षित मित्र या विषयाला नाक मुरडतात, हे मला माहीत आहे. बाबासाहेबांनी खेडे सोडायला सांगितले, तुम्ही पुन्हा शेळ्या राखायला सांगता का, असा त्यांचा प्रश्न असतो. प्रश्न रास्त आहे. पण शहरात गेलेल्यांनी खेड्यात उरलेल्यांचा विचार सोडावा असे बाबासाहेबांनी सांगितले नाही. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह केले, हजारोंनी तुरुंग भरले, ते खेड्यातल्या माणसाला तिथेच ताठ उभे राहता यावे म्हणून. त्यांच्याच नावाच्या सबलीकरण योजनेत २००४ पासून चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन देण्याची तरतूद आहे, आणि अनेक जिल्ह्यांत जमीन मिळत नाही म्हणून ती अडते. जमीन मिळेपर्यंत हातात रोख देणारे, अडीअडचणीला कोणाला न विचारता विकता येणारे दुसरे जनावर कोणते? २०१५ च्या कायद्याने बैलही कत्तलीसाठी विकता येत नाही, म्हाताऱ्या बैलाला गिऱ्हाईक नाही. बाळंतपण, दवाखाना, मुलीची कॉलेजची फी यासाठी गावातल्या सावकाराच्या दारात न जाता बाजारात नेता येते ती शेळीच.

या वर्षी गट वाटपाच्या यादीत ज्यांची नावे आली आहेत, त्यांनी शेळ्या येण्याची वाट पाहत बसू नये. सोयाबीन निघते तेव्हाच कुटाराची पोती भरून ओल लागणार नाही अशी रचून ठेवावीत, आणि शक्य असेल तिथे ती रोख पैसे देऊन घ्यावीत, दोन रुपये जास्त गेले तरी. तुरीच्या कुटारासाठी जानेवारीत पुन्हा जागे राहावे. बाजारातून शेळ्या आणताना विक्रेत्याला विचारून घ्यावे की त्या आजवर चरत होत्या की बांधून होत्या. चरणाऱ्या शेळीला दावणीचा चारा हळूहळू शिकवावा लागतो. ज्वारीच्या खोडव्याला फुटलेले कोवळे पोंगे पहिल्याच दिवशी पुढे टाकू नयेत, किराळ लागते. आंत्रविषाराची लस पावसाळ्याआधी टोचून घ्यावी. आणि २६ जानेवारीच्या ग्रामसभेत दोन प्रश्न लेखी द्यावेत: गावचे गायरान किती हेक्टर, त्यातले चराईसाठी किती शिल्लक. उत्तर लेखी मागावे आणि पोच घेऊन ठेवावी.